सहानंतरचा कोट : महानगरपालिका आयुक्तांस एक खुले पत्र

बृहन्मुंबई महानगरपालिकेचे माननीय आयुक्त यांच्या सेवेशी,



मुंबईच्या कोट विभागाचे भवितव्य ज्यांवर दीर्घकाळ अवलंबून राहील अशा दोन घटना पाठोपाठ घडल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे जो थोडा अवधी आपणां सर्वांच्या हाती आला आहे त्यात आपल्या दप्तराकडून काही निश्चित तजवीज व्हावी, एवढ्याच हेतूने हे पत्र उघडपणे लिहीत आहे. २०२४ च्या सप्टेंबरात वांद्र्याच्या पूर्वेस उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाचे भूमिपूजन झाले. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, विधान भवन अशी स्थानके घेत कफ परेडपर्यंत येऊन पोहोचली. १८७८ साली बांधून पूर्ण झालेल्या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली एक संस्था कोटातून जाण्याच्या वाटेला लागली असताना, आरे वसाहतीपासून निघालेल्या माणसाला एकाच गाडीने कोटाच्या मध्यभागी उतरता यावे अशी सोयही याच काळात व्हावी, हा योगायोग मोठा आहे. नव्या संकुलाचे बांधकाम पुरे होण्यास जी काही वर्षे लागतील तेवढीच मुदत कोटाला मिळालेली आहे असे मी समजतो.

न्यायालय हलविणे वा न हलविणे आपल्या अखत्यारीत नाही, हे मी जाणतो. परंतु न्यायालय जाते तेव्हा न्यायमूर्ती आणि वकील एवढेच जात नाहीत. त्यांच्या आधाराने टंकलेखक, मुद्रांकविक्रेते, नोटरी, कायद्याच्या ग्रंथांचे विक्रेते, झेरॉक्सची दुकाने, फायली बांधणारे, आणि बाहेरगावाहून पहाटेच्या गाडीने उतरलेल्या पक्षकाराला दुपारी पोटभर जेवू घालणाऱ्या खानावळी, असा एक फार मोठा गोतावळा त्या परिसरात जगत आला आहे. त्याची गणना कोणत्याही स्थलांतराच्या आराखड्यात होत नाही. आणि तो उठून गेल्यावर रिकाम्या झालेल्या गल्लीत रात्री दिवा कोण लावणार, हा प्रश्न मात्र आपल्या खात्याकडेच येतो.

मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे की, कोटाची सुरक्षितता आणि कोटाचा व्यापार हे दोन खात्यांचे दोन विषय मानण्याची जी वहिवाट पडली आहे ती मोडली पाहिजे. संध्याकाळी सहानंतर या विभागात जितकी माणसे स्वेच्छेने आणि निर्भयपणे राहतील तितका तेथला रस्ता सुरक्षित होईल आणि तितकाच तेथला धंदाही टिकेल. आणि माणसांनी राहावे असे वाटत असेल तर ज्या छपराखाली त्यांनी राहावयाचे ते छप्पर डोक्यावर येणार नाही, एवढी हमी सर्वांच्या आधी दिली पाहिजे.

या विभागाचा पूर्वेतिहास पाहता, सुरक्षिततेचा विचार येथे बहुधा अनर्थ घडून गेल्यावरच झाला; तथापि जेव्हा तो नेटाने झाला तेव्हा शहराचे त्यातून कल्याणच झाले, असे आढळते. १८०३ च्या फेब्रुवारीत तटाच्या आतील देशी लोकांच्या दाट वस्तीस आग लागून तिचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर किल्ल्याभोवतालचे मैदान अधिक मोकळे राखण्याकडे आणि लोकांना तटाबाहेर वसविण्याकडे सरकारने लक्ष दिले, आणि काळबादेवी-भुलेश्वर बाजूच्या वाढीस त्यामुळे गती मिळाली. १८६० नंतरच्या दशकात सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर आज ज्यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो त्या वास्तू उभ्या राहिल्या. परंतु या साऱ्या इतिहासात मला सर्वांत उद्बोधक वाटते ती गोष्ट याहून लहान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉर्न्बी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, ज्या कोणास इमारत बांधावयाची असेल त्याने तळमजल्यास पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग सोडलाच पाहिजे, असा दंडक सरकारने घालून दिला. वरच्या मजल्यांचे रूप मालकाने आपल्या रुचीप्रमाणे ठरवावे, आणि त्यांनी ते ठरविलेही. कोणी गॉथिक धर्तीचे, कोणी रोमन धर्तीचे, कोणी हिंदुस्थानी कलाकुसरीचे सज्जे काढले. परंतु खाली कमानीमागून कमान अशी अखंड ओळ राहिली आणि तिच्यातून माणूस आषाढातल्या धारांतही कोरडा चालत गेला. पाऊस असो वा ऊन, दुकानापुढून माणसे जातच राहिली, म्हणून दुकान उघडे राहिले. दुकान उघडे राहिले म्हणून कमानीत उजेड राहिला. आणि उजेड व दुकानदार दोन्ही तेथे असल्यामुळे एकट्यादुकट्या माणसाला तो मार्ग आपलासा वाटला. खर्चाचा फारसा बोजा सरकारी तिजोरीवर न टाकता एका नियमाने व्यापार आणि सुरक्षितता दोन्ही साधल्याचे याहून स्वच्छ उदाहरण या नगरीत मला दुसरे दिसत नाही.

आज त्याच कमानींखालून चालून पाहावे. कोठे छताचे प्लॅस्टर सुटून सळया उघड्या पडल्या आहेत, कोठे फरशी उखडून पाणी साचले आहे, कोठे मालाची खोकी रचून अर्धी वाट अडवली आहे, आणि जेथे वरच्या मजल्यांवरील कचेऱ्या उठून गेल्या तेथे तळमजल्याचे दुकानही संध्याकाळी लवकर बंद होते व कमानीत अंधार पसरतो. १९९५ साली पुरातन वास्तूंच्या जतनाचे नियम मुंबईत लागू झाले. त्यांमुळे अनेक दर्शनी भाग वाचले, याबद्दल त्या नियमांचे ऋण मानलेच पाहिजे. हुतात्मा चौकातील १८६४ चे फ्लोरा फाउंटन २०१९ साली दुरुस्त होऊन त्यातून पुन्हा पाणी वाहू लागले, तेही उत्तम झाले. परंतु दर्शनी भागाच्या मागे जो जिना आहे, त्या जिन्याखाली विजेच्या मीटरांचा जो गुंता आहे, आणि त्या जिन्याने रोज चढणारी जी माणसे आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष तेवढ्याच आस्थेने गेले आहे असे म्हणवत नाही.

व्यापार येथून का गेला, याची कारणे परिचित आहेत. त्यांचा विस्तार करीत नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात भाडेकरूंना आधार देणे न्याय्यच होते, परंतु तात्पुरती म्हणून केलेली ती व्यवस्था अर्धशतक चालली, मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही, आणि भाडेकरूस पागडी देऊन घेतलेल्या जागेत पैसा घालण्याची शाश्वती वाटली नाही. १९९९ च्या अधिनियमाने मोठ्या कंपन्या आणि बँका यांना त्या संरक्षणातून वगळले, तेव्हा त्यांनीही आपला हिशेब केला. त्यापूर्वीच नरिमन पॉइंटच्या भरावावरील मनोरे उभे राहिले होते; त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुल आले. हा ओघ उलटा फिरविण्याच्या खटाटोपात आपण वेळ दवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपनीला वाहनतळ, उद्वाहने आणि सलग मोठा मजला हवा असतो. तो कोटातील जुन्या इमारतीत निघणार नाही, आणि तो काढण्यासाठी त्या इमारती पाडल्या तर कोटच उरणार नाही. येथे शोभेल आणि टिकेल तो लहान धंदा, लहान कचेरी, दुरुस्तीची कामे, छपाई, पुस्तके, चित्रे, खानावळी आणि राहती वस्ती.

पुस्तकांचा उल्लेख आला म्हणून एक दुःख नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४८ साली सुरू झालेला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाला. त्याच्या दोन वर्षे आधी काळा घोडा चौकातील ऱ्हिदम हाउसने आपली दारे मिटली. जवळच एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, जेथे महामहोपाध्याय काणे यांच्यासारख्या पंडितांचा व दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषींचा राबता असे. विद्यापीठाचे राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालय आहे. १८२२ पासून अव्याहत निघणाऱ्या मुंबई समाचारची कचेरी हॉर्निमन सर्कलशी आहे. एवढी विद्येची परंपरा ज्या अर्ध्या कोसात एकवटली आहे तेथे काम आटोपल्यावर तासभर पुस्तके चाळावीत असे दुकान सहज सापडू नये, याची खंत केवळ वाचकांपुरती मर्यादित नाही. कारण संध्याकाळी रस्त्यावर माणूस रेंगाळावा असे जे जे होते ते एकेक करून नाहीसे झाले, आणि रस्ता एकाकी झाला.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिणे मला कर्तव्य वाटले तिच्याकडे वळतो. २०१८ च्या जूनमध्ये टपाल कचेरीजवळील कोठारी मॅन्शनला आग लागून त्या जुन्या इमारतीचा भाग ढासळला. १४ मार्च २०१९ रोजी, कचेऱ्या सुटून गर्दी स्थानकाकडे चालली असताना, टर्मिनसला जोडणाऱ्या हिमालय पादचारी पुलाचा तळभाग कोसळला आणि सात माणसे प्राणास मुकली. १६ जुलै २०२० रोजी भर पावसात मिंट रोडवरील भानुशाली इमारतीचा भाग पडून दहा माणसे दगावली. ही तिन्ही ठिकाणे परस्परांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. तसेच शेजारच्या काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवासाच्या आगीशी झुंजताना आपल्याच अग्निशमन दलाचे चार अधिकारी हुतात्मा झाले, हे तर आपण विसरू शकणारच नाही.

हिमालय पुलाविषयी दोन शब्द अधिक लिहितो. तो पूल महापालिकेचा होता. दुर्घटनेच्या काही काळ आधी त्याची संरचनात्मक तपासणी झाली होती, आणि किरकोळ दुरुस्ती करून तो वापरता येईल असा निर्वाळा मिळाला होता. तपासणी झाली नव्हती असे कोणास म्हणता येत नाही. कागद रुजू होता, शिक्का होता. दुर्घटनेच्या रात्री तो पूल रेल्वेचा की पालिकेचा, यावर प्रथम वाद झाला. नवा पूल २०२३ च्या वसंतात खुला झाला, म्हणजे चार वर्षे त्या वाटेने जाणाऱ्या माणसांनी वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडला. यातून माझ्या मनात जी मागणी उत्पन्न होते ती साधी आहे: कोट विभागातील प्रत्येक पूल, भुयारी मार्ग, कमानी-मार्ग आणि धोकादायक ठरलेली प्रत्येक इमारत यांची एक यादी पालिकेने लोकांपुढे मांडावी, आणि प्रत्येकापुढे त्याची जबाबदारी कोणत्या खात्याकडे आहे, शेवटची तपासणी कोणी व केव्हा केली, तिचा निष्कर्ष काय निघाला, आणि पुढील काम कोणत्या तारखेस सुरू होणार, हे जबाबदार अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह नमूद करावे. ज्या माणसाला त्या पुलावरून रोज जावयाचे आहे त्याला तो अहवाल वाचण्याचा अधिकार आहे.

इमारतींच्या बाबतीत गुंतागुंत अधिक आहे, हे मान्य. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसविला आणि त्यांच्या दुरुस्तीचे काम एका मंडळाकडे सोपविले. तेव्हा शहरात अशा १९,०००हून अधिक इमारती होत्या. ते मंडळ आज म्हाडाचा भाग आहे. उपकरप्राप्त इमारतीचे दायित्व म्हाडाकडे, इतर खासगी इमारतींना १८८८ च्या महापालिका अधिनियमातील कलम ३५४ खाली नोटीस देण्याचा अधिकार पालिकेकडे, वारसा-नियमांची परवानगी तिसरीकडे, आणि मालक-भाडेकरूंचा दावा लघुवाद न्यायालयात, अशा चार दारांत इमारत उभी असते आणि प्रत्येक पावसाळ्यात ती थोडी थोडी खचत जाते. दरवर्षी मृगापूर्वी अतिधोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात, रहिवाशांना जागा रिकामी करण्याचा तगादा लागतो, आणि तरीही पुष्कळसे लोक हलत नाहीत. त्यांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याचे दुकान, ज्याच्या मुलांची शाळा, ज्याच्या घरातील बाईचे धुण्याभांड्याचे वा पोळीभाजीचे काम हे सर्व बझारगेटच्या दोन गल्ल्यांत सामावलेले आहे, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या संक्रमण शिबिरात जावे असे सांगताना परत केव्हा येता येईल हे कोणी लेखी देत नाही. आणि एकदा गेलेली माणसे वर्षानुवर्षे परतली नाहीत ही उदाहरणे त्याने शेजारीच पाहिलेली असतात. तेव्हा तो मरणाचा धोका पत्करून राहतो, आणि हा त्याचा निर्णय अविचाराचा आहे असे मला म्हणवत नाही.

यास्तव माझी मुख्य सूचना अशी आहे की, कोटातील माणसांचे संक्रमण कोटातच व्हावे. या विभागात आणि त्याला लागून असलेल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये अनेक मजले कुलूपबंद पडून आहेत. त्यांपैकी किती सरकारी खात्यांचे, किती बंदर प्राधिकरणाचे, किती बँका व विमा कंपन्यांचे, याची मोजदाद आपल्या करआकारणी खात्याच्या नोंदींवरून करता येण्यासारखी आहे. अशा मजल्यांपैकी सुस्थितीतील काही पालिकेने मुदतीच्या कराराने घ्यावेत, त्यांत स्वच्छतागृहे व स्वयंपाकाची सोय करावी, आणि धोकादायक इमारतीतील कुटुंबांना परतीच्या लेखी हमीसह तेथे हलवावे. चार गल्ल्या पलीकडे जावयाचे असेल तर माणूस सामान बांधतो. आणि दुरुस्ती पुरी होऊन ती कुटुंबे परतल्यावर ते मजले रिकामे ठेवण्याचे कारण नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली स्थापन केलेले सिद्धार्थ महाविद्यालय कोटातच आहे. विधी महाविद्यालय, एल्फिन्स्टन, सिडनहॅम, जे. जे. आणि विद्यापीठाचे जुने आवार ही सर्व चालण्याच्या टप्प्यात आहेत; आणि तेथे शिकणारे खेड्यापाड्यांतील विद्यार्थी निवाऱ्यासाठी दूरच्या उपनगरांत वा त्याहीपलीकडे जागा शोधतात. विद्यार्थ्यांची आणि नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे या मजल्यांवर आली, तर खालची खानावळ रात्री दहापर्यंत चालेल, औषधाचे दुकान उघडे राहील, आणि साडेनऊ वाजता ग्रंथालयातून परतणाऱ्या मुलीला रस्त्यावर आपल्यासारखी दुसरी माणसे दिसतील. एखाद्या गल्लीत पहारेकरी वाढविण्याने जे साधत नाही ते तेथे वीस खिडक्यांत दिवे लागल्याने साधते, अशी माझी खात्री आहे.

आगीच्या बाबतीत तर अन्य कोणत्याही खात्याच्या तोंडाकडे पाहण्याचे आपणांस कारण नाही. अग्निशमन दल आपले आहे, आणि शहर भागात वीज पुरविणारा बेस्ट उपक्रमही आपलाच. बोरा बझार, मोदी स्ट्रीट, गनबो स्ट्रीट येथील जुन्या इमारतींत लाकडी जिना हाच एकमेव मार्ग असतो आणि नेमक्या त्याच्याच पायथ्याशी मीटर, जुनाट तारा आणि कागदाचे गठ्ठे असतात. दल आणि उपक्रम यांच्या माणसांनी एकत्र जाऊन गल्लीनिहाय पाहणी करावी, मीटरपेट्या जिन्यापासून दूर हलवाव्यात, आणि तो खर्च हप्त्याहप्त्याने वीजबिलात वसूल करावा. लहान दुकानदार एवढ्याला नकार देणार नाही. जिन्यातील माल मात्र नोटिशीवर नोटीस न देता एकदाच, ठरल्या दिवशी, पर्यायी गोदामाची सोय सांगून उचलावा.

पदपथावरील विक्रेत्यांविषयी आपल्या खात्यात एक आणि दुकानदारांच्या संघटनांत एक, अशी दोन टोकाची मते चालतात. वाट अडविणारा ठेला हटलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु हुतात्मा चौकाच्या पदपथावरून जुनी पुस्तके विकणारे उठविले गेले, तेव्हा त्या चौकाने संध्याकाळचे आपले सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत सावध रखवालदार गमावले, हेही तितकेच खरे आहे. २०१४ च्या कायद्याने विक्रेत्यांची नोंदणी, जागेची आखणी आणि त्यांच्या प्रतिनिधींसह नगर विक्रेता समिती, ही चौकट घालून दिलेली आहे. कोटापुरती तरी ती प्रामाणिकपणे अंमलात आणावी: जागा आखलेली, भाडे पावतीवर घेतलेले, आणि रात्री नऊपर्यंत बसण्याची अट घातलेली. तसेच, २०१७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील दुकानांना अहोरात्र उघडे राहण्याची मुभा दिली असताना कोटात तिचा उपयोग जवळजवळ होत नाही, याचे कारण ग्राहक नाही हे जितके, तितकेच उशिरा घरी जाण्याची सोय नाही हेही आहे. मेट्रोने ती उणीव बरीचशी भरून काढली आहे. भुयारातून वर आलेल्या माणसाला रेल्वे स्थानकांपर्यंत आणि बॅलार्ड इस्टेटपर्यंत अखंड, उजेडाचा, मोटारी न उभ्या केलेला पदपथ मिळेल एवढे मात्र आपण पाहिले पाहिजे. आणि ते काम रस्ते खात्याच्या नेहमीच्या निविदांच्या रांगेत न घालता आधी हाती घ्यावे.

ही सारी कामे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असल्यामुळे, कोटासाठी 'अ' प्रभागात एक स्वतंत्र अधिकारी नेमावा, त्याला म्हाडा, पोलीस, बंदर प्राधिकरण आणि बेस्ट यांच्याशी थेट बोलण्याचा मुखत्यार अधिकार द्यावा, आणि किमान तीन वर्षे त्याची बदली करू नये, अशी माझी विनंती आहे. त्याने महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, विभागातील एखाद्या शाळेत वा वाचनालयात बसून रहिवासी, दुकानदार, फेरीवाले आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रिया यांचे म्हणणे ऐकावे, आणि मागील महिन्यात काय झाले ते सांगावे.

धोकादायक इमारतींच्या यादीचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे आहे, कारण तिची बहुतेक सामग्री आपल्या आणि म्हाडाच्या दप्तरात आजच पडून आहे. मिंट रोड, बझारगेट आणि बोरा बझार या तीन रस्त्यांपासून आरंभ करावा; सर्वांत जुन्या आणि सर्वांत दाट वस्तीच्या इमारती तेथेच आहेत, आणि परतीची लेखी हमी मिळाल्यास तेथील कुटुंबे या वर्षीच हलण्यास तयार होतील.



आपला,
कोट विभागातील एक नागरिक